एमी नोएथर: बिनपगारी शिकवणाऱ्या बाई आणि तुमच्या फोनमधलं गणित

परवा चहाच्या टपरीवर पैसे द्यायला फोन काढला. काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडची पार रया गेली होती. खालचा उजवा कोपरा फाटलेला, मध्ये चहाचा डाग, वर सेलोटेपच्या सुरकुत्या. तरी पहिल्या झटक्यात स्कॅन झाला. यात जादू काही नाही. क्यूआर कोडमध्ये खराब झालेला भाग गणिताने भरून काढायची सोय असते. सर्वांत पक्क्या लेव्हलचा कोड असेल तर साधारण ३० टक्के भाग वाचता आला नाही तरी आतला मजकूर परत मिळतो. या पद्धतीला रीड-सॉलोमन कोड म्हणतात आणि तो ज्या भाषेत लिहिला जातो तिला अमूर्त बीजगणित, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा म्हणतात.

आम्हाला हा विषय इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थोडासा होता. शिकवायला एक मॅडम होत्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचेच पैसे, आणि तेही कधी येतील याचा भरवसा नाही. डिपार्टमेंटच्या बोर्डावर त्यांचं नाव नव्हतं. टाइमटेबलवर एका सीनिअर सरांचं नाव असायचं आणि वर्गात यायच्या मॅडम. ग्रुप, रिंग, फील्ड यातलं मला जे काही कळलं ते त्यांच्यामुळे.

पुढे नोकरी लागल्यावर एमी नोएथर यांच्याबद्दल वाचलं आणि टाइमटेबलचा तो कागद डोळ्यांसमोर आला. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत जवळपास हेच चाललं होतं. फरक इतकाच की तिथे दुसऱ्याच्या नावावर तास घेणाऱ्या बाई हा विषयच नव्याने उभा करत होत्या.

वर्गात बसा, पण परवानगी काढून

एमी नोएथरचा जन्म २३ मार्च १८८२ चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. घर ज्यू. वडील मॅक्स नोएथर तिथल्याच विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. म्हणजे घरात गणित होतं, पण ते मुलीसाठी आहे असं कोणी गृहीत धरलं नव्हतं. त्या काळी शिकलेल्या घरातल्या मुलींसाठी एक ठरलेली वाट होती, भाषा शिकायची आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका व्हायचं. एमीनेही १९०० मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच शिकवण्याची परीक्षा दिली. पासही झाली.

शाळेत मात्र ती गेलीच नाही. तिला गणित करायचं होतं. अडचण अशी की दोनच वर्षांपूर्वी एर्लांगेन विद्यापीठाच्या सिनेटने मुलींना प्रवेश दिला तर सगळी शिस्त कोलमडेल असा निर्वाळा दिला होता. मुलींना वर्गात बसून ऐकता यायचं, पण प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी काढून. परीक्षा नाही, नावनोंदणी नाही. साधारण हजार विद्यार्थ्यांत अशा बसणाऱ्या मुली होत्या दोन. त्यातली एक एमी.

दोन वर्षं असंच ऐकून काढली. १९०३ मध्ये तिने न्यूर्नबर्गला जाऊन विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा पास केली. मग एक सत्र गॉटिंगेनला, तेही नुसतं ऐकायला. गॉटिंगेन म्हणजे तेव्हा गणिताची पंढरी होती. तेवढ्यात एर्लांगेनचे नियम बदलले, मुलींना रीतसर प्रवेश मिळू लागला आणि १९०४ मध्ये एमी तिथे परत येऊन खऱ्या अर्थाने विद्यार्थिनी झाली. तीनच वर्षांत, १९०७ मध्ये, सर्वोच्च श्रेणीत पीएचडी. मार्गदर्शक होते पॉल गॉर्डन, लांबलचक आकडेमोडीसाठी प्रसिद्ध. एमीच्या प्रबंधातही शेवटी ३३१ राशींची यादी होती. पुढे ती स्वतःच या प्रबंधाला कचरा म्हणायची.

पीएचडी झाली. आता आपण नोएथरबाई म्हणू. त्यांच्या विद्यापीठाने त्यांना काय म्हणायचं हे ठरवायला पुढची बारा वर्षं घेतली.

पीएचडी आहे, पगार नाही

१९०८ ते १९१५, सात वर्षं नोएथरबाईंनी एर्लांगेनच्या गणित विभागात काम केलं. संशोधन केलं, पेपर छापले. वडिलांची तब्येत बरी नसायची तेव्हा त्यांच्या जागी तासही घेतले. पगार शून्य. पद कुठलंच नाही. घर चालत होतं म्हणून हे जमलं, हे विसरून चालणार नाही. प्राध्यापकाची मुलगी नसती तर कितीही हुशार असली तरी सात वर्षं फुकट काम करणं कुणाला परवडलं असतं?

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जिद्दीच्या गोष्टी सांगताना आपण जिद्दीला लागणारा खर्च कोणी भरला हे सांगत नाही. ज्यांचा खर्च भरायला कोणी नव्हतं त्यांची चरित्रं लिहिलीच गेली नाहीत.

हिल्बर्टच्या नावावरचे तास

१९१५ मध्ये गॉटिंगेनहून बोलावणं आलं. बोलावणारे दोघं त्या काळचे दिग्गज, डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन. आइन्स्टाइन आपल्या सामान्य सापेक्षतेच्या सिद्धांताच्या शेवटच्या टप्प्यात होते, हिल्बर्टही त्याच समीकरणांच्या मागे लागले होते, आणि त्यात एक गणिती गाठ सुटत नव्हती. नोएथरबाई ज्या विषयात तरबेज होत्या तोच तिथे हवा होता.

त्या गेल्या. आता त्यांना शिकवण्याचा परवाना मिळायला हवा होता. जर्मनीत नुसत्या पीएचडीवर विद्यापीठात शिकवता यायचं नाही. त्यापुढे आणखी एक पात्रता मिळवावी लागायची, तिला हाबिलिटाट्सिओन म्हणतात. ती मिळाली की प्रिव्हाटडोत्सेंट हे पद. त्यालाही पगार नसे, फक्त विद्यार्थ्यांनी भरलेली फी मिळे. म्हणजे मागणी नोकरीची नव्हतीच, नुसत्या परवानगीची होती.

तीही नाकारली गेली. गणितवाले बाजूने होते, पण त्याच विद्याशाखेत इतिहास आणि भाषांचे प्राध्यापकही बसत आणि त्यांच्यातल्या अनेकांचा विरोध होता. आज शिकवू दिलं तर उद्या ही बाई प्राध्यापक होईल, मग सिनेटमध्ये बसेल. युद्धावरून परतणाऱ्या तरुणांनी एका बाईकडून शिकायचं का, असाही मुद्दा निघाला. हिल्बर्ट भडकले. उमेदवार स्त्री आहे की पुरुष याचा गणिताशी संबंध काय, असा त्यांचा सवाल होता. पण सरकारी नियमही स्त्रियांच्या विरोधात होता, आणि अर्ज अडला.

मग हिल्बर्टनी जुगाड केला. तास जाहीर व्हायचे हिल्बर्टच्या नावाने, खाली लिहिलेलं असायचं की डॉ. नोएथर यांच्या साहाय्याने. शिकवायच्या नोएथरबाई. असं चार वर्षं चाललं.

हिल्बर्ट चांगला माणूस होता आणि त्याने जे शक्य होतं ते केलं. पण जुगाड हा जुगाडच. त्याने तास वाचले, नियम तसाच राहिला. नियम बदलला तो जर्मनी युद्ध हरल्यावर, राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर. १९१९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, नोएथरबाईंना स्वतःच्या नावाने शिकवण्याचा हक्क मिळाला.

दरम्यान त्यांनी काय शोधलं होतं?

सापेक्षतेतली गाठ ऊर्जेची होती. ऊर्जा नष्ट होत नाही आणि निर्माणही होत नाही, हा नियम आपण शाळेत पाठ करतो. आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतात हा नियम नेहमीसारखा बसत नव्हता. नोएथरबाईंनी ती गाठ सोडवताना एक फार मोठी गोष्ट सिद्ध केली. ती १९१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज नोएथरचा सिद्धांत म्हणून ओळखली जाते. गॉटिंगेनच्या विज्ञान अकादमीत हा पेपर क्लाइननी सादर केला, कारण बाई सभासद नव्हत्या. पुढेही त्यांना कधी सभासद करून घेतलं नाही.

सिद्धांत सोप्या भाषेत असा. निसर्गाच्या नियमात जिथे जिथे एखादी सलग सिमेट्री असते, तिथे तिथे एखादी राशी कायम राहते.

सिमेट्री म्हणजे इथे फक्त रांगोळीसारखी आकृती नव्हे. काहीतरी बदललं तरी नियम तोच राहणं म्हणजे सिमेट्री. कॅरम बोर्ड घ्या. आज स्ट्रायकर जसा आपटून परततो तसाच उद्याही परतेल. भौतिकशास्त्राचे नियम तारीख बघत नाहीत. ही काळाची सिमेट्री, आणि तिच्यातूनच ऊर्जेची अक्षय्यता निघते. तोच बोर्ड हॉलमधून गच्चीवर नेला तरी नियम तेच. ही जागेची सिमेट्री, तिच्यातून संवेगाची अक्षय्यता. बोर्ड फिरवून ठेवला तरी नियम तेच. त्यातून कोनीय संवेगाची. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीवर हात पसरून गिरकी घ्या आणि हात जवळ ओढा, वेग वाढतो. तो का वाढतो याचं सर्वांत खोलवरचं उत्तर असं की विश्वाला अमुकच एक दिशा लाडकी नाही.

तोपर्यंत हे सगळे वेगवेगळे नियम होते. नोएथरबाईंनी दाखवलं की ते एकाच यंत्राचे सुटे भाग आहेत. आज कणभौतिकीत नवीन सिद्धांत मांडताना आधी त्यात कोणत्या सिमेट्री आहेत हेच बघतात. आणि ज्या सापेक्षतेसाठी हे काम झालं ती तुमच्या मॅपमध्ये रोज वापरली जाते. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ते गृहीत धरलं नाही तर लोकेशन एका दिवसात काही किलोमीटरने चुकेल.

रिंग, आयडियल आणि न थांबणारा लूप

गंमत म्हणजे नोएथरबाईंच्या दृष्टीने हे काम बाजूचं होतं. त्यांचा खरा विषय बीजगणित.

हातातलं घड्याळ बघा. १० वाजल्यानंतर ५ तासांनी ३ वाजतात. म्हणजे इथे १० अधिक ५ बरोबर ३. गुणाकारही करता येतो, ५ गुणिले ५ म्हणजे २५, म्हणजे १. बेरीज, वजाबाकी, गुणाकार जिथे नीट चालतात अशा संचाला रिंग म्हणतात. भागाकार मात्र घड्याळात बिनधास्त करता येत नाही. ३ गुणिले ४ म्हणजे १२, आणि १२ म्हणजे इथे शून्य. दोन शून्य नसलेल्या संख्या गुणून शून्य आलं की भागाकाराची पंचाईत होते. जिथे शून्य सोडून कशानेही भागता येतं अशा रिंगला फील्ड म्हणतात. क्यूआर कोडमधली दुरुस्ती २५६ घटकांच्या एका फील्डमध्ये चालते.

हे सगळं नोएथरबाईंनी शोधलं असं नाही. अशी फील्ड गाल्वाने त्यांच्या जन्माच्या आधीच मांडली होती, आयडियल ही कल्पना डेडेकिंडची. त्या स्वतः तर नेहमी सांगायच्या की सगळं डेडेकिंडने आधीच लिहून ठेवलंय. त्यांनी बदलली ती बघण्याची रीत. घटक संख्या आहेत, पॉलिनॉमिअल आहेत की आणखी काही, हे विसरा. ते कोणते नियम पाळतात एवढंच बघा आणि त्यावरून जे सिद्ध होईल ते सगळ्यांना एकदम लागू करा. कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. आपण इंटरफेस लिहितो, आत कोणता क्लास आहे याची फिकीर करत नाही. तसंच.

१९२१ च्या पेपरमध्ये त्यांनी अशी एक अट केंद्रस्थानी आणली. साध्या संख्यांत २४ चे सगळे गुणक घ्या. ते १२ च्या गुणकांत सामावतात, ते ६ च्या, ते ३ च्या, आणि ते शेवटी सगळ्या पूर्णांकांत. पिशवी मोठी होत गेली, पण कुठेतरी थांबली. अशा पिशव्यांना आयडियल म्हणतात, आणि ज्या रिंगमध्ये वाढत जाणारी अशी प्रत्येक साखळी थांबतेच तिला आज नोएथेरियन रिंग म्हणतात. एवढ्या एका अटीवरून त्यांनी बीजगणिताचा मोठा भाग नव्याने उभा केला.

प्रोग्रॅमर म्हणून मला ही अट वाचताना बरं वाटतं, कारण तिचा अर्थ आहे, लूप थांबेल. १९६५ मध्ये बुखबर्गर यांनी पॉलिनॉमिअल समीकरणं सोडवायचा जो प्रसिद्ध अल्गोरिदम दिला तो अनंत काळ फिरत बसत नाही, याची हमी याच अटीतून येते. रोबोटचा हात कुठे पोचेल हे काढायलाही तो वापरतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने क्वांटम कम्प्युटरपुढेही टिकावी अशी एमएल-केईएम नावाची पद्धत प्रमाणित केली. दोन फोननी गुप्त किल्ली ठरवायची ही पद्धत, आणि तिचा हिशोब चालतो पॉलिनॉमिअलच्या एका रिंगमध्ये.

नोएथरची पोरं

नोएथरबाई शिकवायच्या कशा? नोट्स उतरवून घेणाऱ्यांच्या दृष्टीने वाईट. बोलणं भरभर, फळ्यावर लिहिलेलं लगेच पुसायच्या, आणि तयार धडा देण्याऐवजी वर्गातच नवीन विचार सुरू. बरेच जण पळून जायचे. जे टिकायचे त्यांची एक टोळी झाली होती, तिला लोक नोएथरची पोरं म्हणायचे. तास संपला की गप्पा मारत लांब फिरायला. एकदा सुट्टीमुळे इमारत बंद होती, तर सगळ्यांना पायऱ्यांवर जमवून जंगलातून चालत कॉफी हाउसवर नेलं आणि तास तिथे घेतला.

कल्पना वाटून टाकताना त्या हिशोब ठेवत नसत. टोपोलॉजीतल्या आकड्यांकडे ग्रुप म्हणून बघा, हे त्यांनी सुचवलं आणि त्या विषयाची दिशा बदलली. हॉलंडहून १९२४ मध्ये आलेला तरुण व्हॅन डर वार्डन त्यांच्याकडे शिकला आणि त्याने १९३०-३१ मध्ये आधुनिक बीजगणितावर दोन खंडांचं पुस्तक लिहिलं. जगभर हा विषय त्याच चौकटीत शिकवला जाऊ लागला. पुस्तक आर्टिन आणि नोएथर यांच्या व्याख्यानांवरून केलंय, हे त्याने मुखपृष्ठामागच्या पहिल्याच पानावर छापलं. यावेळी निदान नाव तरी योग्य जागी आलं.

या टोळीत मुलीही होत्या. गॉटिंगेनमधली त्यांची पहिली पीएचडी विद्यार्थिनी ग्रेटे हर्मान. तिचा १९२६ चा पेपर बीजगणितातली उत्तरं मर्यादित पायऱ्यांत काढता येतात का, आणि किती पायऱ्यांत, यावर होता. कम्प्युटर यायला अजून वेळ होता. आज कम्प्युटर अल्जिब्रावाले त्या पेपरला आपला आद्य पेपर मानतात.

आणि पगार? १९२२ मध्ये प्राध्यापक ही पदवी मिळाली, नुसती पदवी, सरकारी नोकरी नाही. पुढच्या वर्षी बीजगणित शिकवण्याचं एक छोटं मानधन सुरू झालं. चाळिशी ओलांडल्यावर. कायम प्राध्यापक त्या जर्मनीत कधीच झाल्या नाहीत. १९३२ मध्ये झुरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मुख्य व्याख्यान देणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या, तेव्हाही.

१९३३

जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी सेवेतून काढायचा कायदा झाला आणि त्याच महिन्यात नोएथरबाईंचा शिकवण्याचा हक्क गेला. जो मिळवायला चार वर्षं लागली होती तो एका पत्राने संपला. त्यांनी घरी वर्ग घेतले. एकदा एक विद्यार्थी नाझींच्या तपकिरी गणवेशात येऊन बसला. बाईंनी त्यालाही शिकवलं.

मित्रांनी धडपड करून अमेरिकेतल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात त्यांची सोय केली. अर्धे पैसे बाहेरच्या मदतनिधीतून. १९३३ च्या शेवटी त्या तिथे पोचल्या. विभागप्रमुख अ‍ॅना पेल व्हीलर. स्वतः गणितज्ञ, आणि गॉटिंगेनला शिकून आलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा नोएथरबाईंच्या वर एक स्त्री होती. १९३४ पासून त्या आठवड्याला प्रिन्स्टनच्या संशोधन संस्थेतही व्याख्यानाला जायच्या. शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता.

हे सुख दीड वर्षच टिकलं. एप्रिल १९३५ मध्ये ट्यूमरची शस्त्रक्रिया झाली आणि चारच दिवसांनी, १४ एप्रिलला, त्या गेल्या. वय ५३. त्यांच्या अस्थी ब्रिन मॉरच्या लायब्ररीच्या ओवरीतल्या वाटेखाली पुरल्या आहेत. आइन्स्टाइननी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून जगाला सांगितलं की कोण गेलंय. धाकटा भाऊ फ्रिट्झ, तोही गणितज्ञ, रशियात आसऱ्याला गेला होता. तिथे त्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली पकडलं आणि १९४१ मध्ये ठार केलं.

आज चंद्रावर नोएथरबाईंच्या नावाचं विवर आहे. जर्मनीची संशोधनाला निधी देणारी संस्था त्यांच्या नावाने एक योजना चालवते, तरुण संशोधकांना स्वतःचा गट, पैसे आणि प्राध्यापकपदाकडे जायचा रस्ता देणारी. जे त्यांना मिळालं नाही नेमकं तेच.

हा लेख पाठवण्याआधी आमच्या मॅडमना फोन केला, घड्याळाचं उदाहरण तपासून घ्यायला. मी आधी लिहिलं होतं की घड्याळात चारही क्रिया चालतात. ३ गुणिले ४ ची चूक त्यांनी फोनवर ऐकताऐकताच पकडली. वर दुरुस्त केली आहे.

मॅडम आता दुसऱ्या कॉलेजात आहेत, अजून तासिका तत्त्वावरच. त्यांचं नाव इथे छापायची माझी फार इच्छा होती. त्या नको म्हणाल्या. पुढच्या सत्राची ऑर्डर निघायची आहे.